सोनकिडा आणि पणजीचा बटवा

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी आमचं कन्यारत्न खालून खेळून आलं ते उजवी मूठ घट्ट मिटूनच. चप्पल काढली डाव्या हाताने, बेल वाजवली कोपराने. मूठ उघडल्यावर आत काय? तर खरंखुरं सोनं! म्हणजे निदान तसं दिसणारं. करंगळीच्या नखाएवढा एक किडा, पाठीवर सोन्याचा थेंब ओतल्यासारखा, आणि त्या थेंबाच्या कडेने चष्म्याच्या काचेसारखी पारदर्शक झालर. पाय कुठेच दिसेनात. सगळा संसार त्या ढालीखाली झाकलेला.

"आई, दसऱ्याला आपट्याची पानं द्यायची नाहीत. मी हे सोनं देणार."

किडा काडेपेटीत गेला. पेटीला टाचणीने भोकं पाडून झाली, आत एक पान घालून झालं. ही सगळी व्यवस्था आमच्या आईच्या देखरेखीखाली झाली. आई नवरात्रात नांदेडहून आली होती आणि काडेपेटीत किडे सांभाळण्याचा तिचा अनुभव दांडगा आहे, तो कसा ते पुढे येईलच.

सकाळी पेटी उघडली तर किडा मेलेला. त्याचं दुःख होतंच, पण खरं रडू कोसळलं ते वेगळ्याच कारणाने. आत सोनं नव्हतं. मळकट, वाळक्या पानाच्या रंगाचं काहीतरी पडलं होतं. "हा तो नाहीच! कुणीतरी बदलला!" असा आरोप झाला, आणि घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांकडे संशयाने पाहून झालं.

आई काही बोलली नाही. उठून आपल्या बॅगेतून एक कापडी पुरचुंडी घेऊन आली. त्यातून निघाला एक बटवा. (आजीबाईचा बटवा म्हणतात तो औषधांचा, हा तो नव्हे!) जांभळट मखमलीचा, तळहाताएवढा, कलाबतूच्या वेलबुट्टीचा. ती कलाबतू आता काळी पडली आहे. मखमल जागोजागी टकली झाली आहे. पण वेलीला जी पानं आहेत ना, ती अजून अशी हिरवीगार चमकतात की खिडकीतला उजेड पडला आणि कन्या रडायची थांबली. तिरकं धरलं की मोरपंखी निळी, सरळ धरलं की पाचूसारखी.

"ही पानं म्हणजे पण किडेच आहेत," आई म्हणाली. "आणि तुझ्या आजीच्या आजीच्या लग्नाएवढे जुने."

एक किडा रात्रीतून विटला, दुसरे शंभर वर्षांच्या घरात आले तरी विटले नाहीत. हे काय प्रकरण आहे ते शोधण्यात पुढचे कित्येक दिवस गेले. गूगलबाबा, लायब्ररी, आईच्या आठवणी, नवऱ्याचं लोखंडाचं ज्ञान, सगळं कामाला लावलं. जे हाती आलं ते इथे लिहून ठेवते.

आधी दोघांची ओळख.

आमचा सोनकिडा म्हणजे ढालकिड्यांच्या घराण्यातला. शास्त्रीय नाव ॲस्पिडिमॉर्फा सँक्टेक्रुसिस. कासवासारखी पाठ, म्हणून इंग्रजीत याला कासवकिडाच म्हणतात. धोका वाटला की हा पळत नाही. पानाला चिकटून बसतो आणि ढाल खाली ओढून घेतो, मुंगीला पाय धरायला जागाच उरत नाही. याची पोरं तर आणखी चक्रम. अळी आपल्या टाकलेल्या काती आणि चक्क स्वतःची विष्ठा शेपटीच्या काट्यावर गोळा करून पाठीवर छत्रीसारखी धरते. (ही माहिती कन्येला सर्वांत जास्त आवडली आणि शाळेत तिचा प्रसारही झाला.) राहतो कुठे? रताळ्याच्या जातकुळीतल्या वेलींवर आणि झुडपांवर. आमच्या कळंबोलीत त्याचं माहेर म्हणजे नाल्याकाठची बेशरम. फिकट जांभळी फुलं येतात ती. ही बेशरम मूळची अमेरिकेतली, इथे आली आणि नावाला जागून कुठेही वाढली.

कळंबोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जिथे सुरू होतो ते आमचं गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या भातखाचरांच्या, खाजणांच्या पट्ट्यात नवी मुंबई उभी राहायला लागली. मुंबईतला लोखंड बाजार इथे हलवला गेला. त्यामुळे इकडे सेक्टर, तिकडे ट्रकचा तळ आणि पलीकडे मैलभर पत्रे, सळया, गर्डर. जिथे पाहाल तिथे धातू. अशा गावात नाल्याच्या कडेला एक किडा सोन्याचा होऊन बसतो, ही गंमत मला अजून पुरेशी पचलेली नाही.

आता दुसरा. तो कळंबोलीचा नाही, आईच्या लहानपणच्या नांदेडचा. पाऊस सुरू झाला की बाभळीवर हे हिरवे भुंगे उतरायचे. बोटाच्या पेराहून मोठे, जड, आणि उडताना विमानासारखे घों घों करणारे. आई आणि तिची भावंडं त्यांना काडेपेटीत ठेवायची, बाभळीचा कोवळा पाला खायला घालायची आणि कुणाचा भुंगा जास्त चमकतो यावर भांडायची. पायाला दोरा बांधून उडवायचे उद्योगही झाले. आई हे सांगताना आता जरा चाचरते. या भुंग्यांची प्रजाती स्टर्नोसेरा, आणि पाठीवर पांढुरक्या ठिपक्यांच्या खळ्या असलेला दख्खनमधला तो स्टर्नोसेरा स्टर्निकॉर्निस. स्वीडनच्या लिनियसने १७५८ सालीच त्याला नाव देऊन ठेवलं होतं. अळी जमिनीत मुळांपाशी राहते, भुंगा होऊन वर आल्यावर आयुष्य अवघं काही आठवड्यांचं.

आणि हाच, किंवा याचाच भाऊबंद, बटव्यावर शिवलेला आहे.

बटवा आईच्या आजीचा, म्हणजे माझ्या पणजीचा. पणजोबा हैदराबादला निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे नांदेडच्या माणसाने नोकरीला हैदराबादला जाणं हे आजच्या पुण्या-मुंबईसारखंच. साहेबाच्या घरच्या कुठल्याशा समारंभात पणजीला हा बटवा भेट मिळाला. १९४८ च्या धामधुमीत ते कुटुंब हैदराबाद सोडून गावी परतलं तेव्हा एका पत्र्याच्या ट्रंकेत जे काय आलं त्यात हाही आला.

भुंग्याच्या पंखांचं भरतकाम ही हिंदुस्थानातली जुनी कारागिरी. उडायचे पंख नव्हेत हां, ते पातळ आणि रंगहीन असतात. त्यांच्यावर झाकण म्हणून असतात ते कडक पंख. ते वाफेवर जरा मऊ करायचे, म्हणजे तडकत नाहीत. मग कडा कापून आकार द्यायचा, सुईने भोकं पाडायची आणि टिकलीसारखे टाचायचे. सोबत जर, कलाबतू. राजदरबारी पोशाखांवर हे काम असे. एकोणिसाव्या शतकात त्याला नवं गिऱ्हाईक मिळालं : गोऱ्या मडमा. मद्रासकडची पांढरी मलमल, त्यावर सोनेरी जर आणि हिरवे पंख, असं कापड जहाजाने विलायतेला जाऊ लागलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे कपडे आजही जपून ठेवलेले आहेत. मेणबत्तीच्या आणि गॅसच्या उजेडात नाचताना हे पंख लकलकत असतील, त्याची कल्पना बटवा दिव्याजवळ नेला की येते.

यातले दोन पोशाख जगप्रसिद्ध आहेत. पहिला एलन टेरी या नटीचा. डिसेंबर १८८८ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात तिने लेडी मॅकबेथ केली तेव्हा ती हिरवा झगा घालून रंगमंचावर आली. झगा विणलेला, आणि त्यावर हजारभर भुंग्यांचे पंख. कल्पना अशी की तो सापाच्या कातडीसारखा दिसावा. जॉन सिंगर सार्जंटने त्या वेषातलं तिचं चित्र काढलं, ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. झगा मात्र जीर्ण झाला होता. बरीच वर्षं खपून तज्ज्ञांनी त्याची डागडुजी केली आणि २०११ साली तो पुन्हा लोकांना पाहायला मिळाला.

दुसरा लेडी कर्झनचा. जानेवारी १९०३, दिल्ली दरबार. व्हाइसरॉयच्या बायकोने घातलेला तो मोराचा झगा. दिल्लीच्या कारागिरांनी जरीने मोरपिसं भरली, प्रत्येक पिसाच्या डोळ्याच्या जागी भुंग्याचा हिरवा पंख टाचला, मग कापड पॅरिसला वर्थच्या पेढीत जाऊन त्याचा झगा झाला. तो आज इंग्लंडमध्ये केडलस्टन हॉल इथे आहे. आणि गंमत बघा, त्याचंही आमच्या बटव्यासारखंच झालंय. जर काळवंडली आहे, पंख तसेच लखलखीत आहेत. म्हणजे जो खरा धातू होता तो हरला, आणि जो धातूचं नुसतं सोंग आणत होता तो टिकला!

टिकाऊपणाचा विक्रम मात्र जपानकडे. नारा इथल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातलं एक लाकडी देवघर आहे. त्याचं नावच तामामुशी देवघर, तामामुशी म्हणजे तिकडचा हिरवा भुंगा. धातूच्या जाळीदार पट्ट्यांखाली त्याचे पंख बसवलेले होते. बहुतेक आता गळून गेले, पण थोडे अजून आहेत. तेराशे वर्षांहून जास्त!

हे वाचून मी जरा हुरळूनच गेले होते. तेवढ्यात कन्येने विचारलं, "आई, पण ते भुंगे पंख कसे देतात?"

परदेशी लिखाणात कुठेकुठे एक गोड वाक्य सापडतं : भुंग्यांनी नैसर्गिकपणे गाळलेले पंख वापरत. पण मोर पिसं गाळतो, साप कात टाकतो, झाडं पानं गाळतात, भुंगा पंख गाळत नाही. ते त्याचं कवच आहे. एकदा आलं की मरेपर्यंत. मेलेल्या भुंग्यांचे पंख जमिनीवरून वेचता येतात हे खरं, हंगाम संपताना झाडाखाली ते पडलेले असतातही. थायलंडात राणी सिरिकित यांच्या आश्रयाने ही कला पुन्हा चालू झाली, तिथे असे मेलेले भुंगे गोळा करण्यावर भर असल्याचं सांगतात. पण व्यापार जहाजाने चालू लागला की कुणी भुंग्याच्या मरणाची वाट बघत बसत नाही. एका भुंग्याचे पंख दोन. एलन टेरीच्या हजार पंखांसाठी पाचशे भुंगे. ब्रुसेल्सच्या राजवाड्यात २००२ साली यान फाब्र या कलावंताने एका दालनाचं अख्खं छत या पंखांनी मढवलं. पंख दहा लाखांहून जास्त! ते थायलंडातून आणलेले. तिकडे हे भुंगे खातात, त्यामुळे पंख उरतात.

कन्येने बटवा मोजायला घेतला. एका बाजूला २३, दुसऱ्या बाजूला २१, आणि चार जागी नुसताच दोरा. म्हणजे ४८. "चोवीस भुंगे," ती म्हणाली आणि बटवा हळूच खाली ठेवला.

मग आई एक गोष्ट बोलली जी मी आजवर कधी ऐकली नव्हती. पणजीने हा बटवा कधी वापरलाच नाही. हळदीकुंकवाला नाही, देवळात नाही, कुणाच्या लग्नात नाही. साहेबाच्या घरून आलेला, त्यामुळे नाकारता आला नाही. टाकवला नाही कारण सुंदर होता. विचारलं तर एवढंच म्हणायची, "त्याच्यावर जीव शिवलेत." ट्रंकेच्या तळाशी पुरचुंडीत राहिला, म्हणूनच कदाचित इतका नीट राहिला. मला पणजी आठवत नाही, पण हे ऐकल्यापासून ती थोडीशी ओळखीची झाली आहे.

आईच्या एक आणखी लक्षात आलं. "आमच्या भुंग्यांच्या पाठीवर ठिपके असायचे भरपूर. हे तसे नाहीत." खरंच नाहीत. भरतकामात सर्वांत जास्त वापरली गेलेली जात म्हणजे स्टर्नोसेरा इक्विसिग्नाटा. ती ब्रह्मदेश, थायलंडाकडची. तेव्हा हैदराबादेत शिवलेल्या आमच्या बटव्यावरचे भुंगे बहुधा समुद्र ओलांडून आलेले, पणजीपेक्षा जास्त प्रवास केलेले.

असो. तर आता मूळ प्रश्न. एक का टिकतो आणि दुसरा का विटतो?

याचं उत्तर मला लोखंड बाजारात मिळालं. नवऱ्याचं काम तिथेच असल्यामुळे त्याला विचारलं, की बाबा, धातू नसताना धातूची चमक कशी येते? तो म्हणाला, "आणि धातूला नसलेला रंग कसा येतो?" गॅस कटरने पत्रा कापला की कापलेल्या कडेला पिवळा, जांभळा, निळा असे पट्टे उमटतात. लोखंडात निळा रंग कुठून आला? कुठूनच नाही. तापल्यामुळे वर गंजाचा एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्याच्या वरच्या बाजूवरून थोडा उजेड परततो, खालच्या बाजूवरून थोडा. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मरतात, काही दुप्पट होतात. पापुद्रा जाड होत गेला की रंग बदलत जातो. गावचा लोहार विळ्याला पाणी देताना हेच रंग बघून ताव ओळखत आला आहे, त्याला कुणी प्रकाशशास्त्र शिकवलं नव्हतं. पावसाळ्यात आमच्या ट्रकतळावरच्या डबक्यांत डिझेलचा तवंग इंद्रधनुष्यी दिसतो, तोही यातलाच. साबणाचा फुगाही.

हिरव्या भुंग्याच्या पंखात असे एकावर एक बरेच थर असतात, प्रत्येक थर केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ. म्हणजे हिरवा रंग असा काही त्याच्यात नाहीच, आहे ती रचना. रंग उन्हाने उडतो, पाण्याने जातो. रचना मोडल्याशिवाय जात नाही. आणि हे थर कोरडे, घट्ट, मेणकापडासारखे चिवट असतात. भुंगा जिवंत असो की मेलेला, त्यांना काही फरक पडत नाही. म्हणूनच तेराशे वर्षं.

सोनकिड्याची ढालही थरांचीच बनलेली आहे. पण त्याच्या थरांत ओल असते. जिवंत किडा अंगातल्या पाण्याने ते थर भरलेले ठेवतो, आणि थर भरलेले असले की सोनं दिसतं. कोषातून बाहेर आल्याबरोबर तो सोनेरी नसतोच, सोनं चढायला काही दिवस लागतात. पनामातल्या अशाच एका ढालकिड्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याला डिवचलं की तो थरांमधलं पाणी काढून घेतो आणि सोनेरीचा लाल होतो, शांत झाला की पुन्हा सोनेरी. मेल्यावर पाणी सुकतं, थरांत हवा शिरते आणि खेळ खलास. म्हणजे आमच्या काडेपेटीत किडा कुणी बदलला नव्हता. सोनं हे त्याच्या अंगावर नव्हतं, त्याच्या जिवंत असण्यात होतं.

आता याचा इतिहासावर काय परिणाम झाला बघा. हिरव्या भुंग्याला त्याच्या न मरणाऱ्या रंगाने मारलं. तो वेचता आला, वाळवता आला, पोत्यात भरता आला, ब्रह्मदेशातून हैदराबादला, मद्रासहून लंडनला पाठवता आला. सोनकिडा त्याच्याहून काकणभर जास्तच सुंदर, भर वस्तीत नाल्याकाठी सहज हाती लागणारा. पण कुठल्या दरबाराने, कुठल्या मडमेने त्याचा झगा शिवला नाही. शिवणार कसा? टाका घालेपर्यंत सोनं नाहीसं झालेलं.

शास्त्रज्ञांनाही त्याने असंच चकवलं असणार. जुन्या काळी हिंदुस्थानातले किडे टाचणी टोचून पेटीतून युरोपला जात, आणि तिकडचे विद्वान त्यांना नावं देत. सोनकिड्याचं नाव १७९२ सालचं, डेन्मार्कच्या फॅब्रिसियसने दिलेलं. त्याच्यासमोर असेल तो वाळलेला. आपल्याकडे १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात (आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले तेच. या मंडळींचा मोठा फायदा हा की ते किडे जिथे जगतात तिथे राहत होते. १९१९ साली समरेंद्र मौलिक या बंगाली कीटकशास्त्रज्ञाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत ढालकिड्यांचा खंड लिहिला. सोनकिड्यासारख्या जातींची नीट ओळख त्यामुळे झाली. पण संग्रहालयाच्या खणात आजही हिरवे भुंगे झगमगतात, आणि त्यांच्या शेजारच्या खणात सोनकिडे फिक्या भुसकट रंगाचे बसलेले असतात. ज्याने त्यांना पानावर पाहिलं नाही त्याला त्या चिठ्ठीवरच्या नावामागे सोनं होतं हे कळायचं नाही.

हे सगळं कन्येला सोपं करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग त्याला पाणी देऊ या ना परत."

म्हटलं, बघू तरी. ओल्या कापसावर मेलेला किडा ठेवला, वर वाटी पालथी घातली. रात्रभर. सकाळी वाटी उचलली तर... अगदी फिकट का होईना, पाठीवर तांबूस-सोनेरी झाक आली होती! अख्खं घर वाटीभोवती जमलं. आईने चष्मा पुसून पुसून पाहिलं. दुपारपर्यंत कापूस सुकला आणि झाकही गेली. कन्येने पुन्हा पाणी घालायला नकार दिला. म्हणाली, "नको. तो दमला असेल."

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आम्ही तिघी नाल्याकडे गेलो. बेशरमीच्या पानांवर आधी नुसती भोकंच दिसली, मग डोळा बसल्यावर एक, दोन, पाच सोन्याचे थेंब. ट्रक जात होते, पलीकडे कुठेतरी सळया उतरवल्याचा खणखणाट चालू होता. कन्येने एकालाही हात लावला नाही. नुसतं बोट दाखवून "हे एक सोनं, हे एक सोनं" असं मोजलं. आणि येताना आईच्या हातावर आपट्याचं पान ठेवून पाया पडली. आपट्याचं सोनं तरी कुठे टिकतं? दुसऱ्या दिवशी केरातच जातं. तरी आपण दरवर्षी ते घेतो, देतो आणि "सोन्यासारखे राहा" म्हणतो. टिकत नाही म्हणून दरवर्षी द्यावं लागतं, हे मला या वर्षी पहिल्यांदा कळलं.

बटवा आई आमच्याकडेच ठेवून गेली. "तुझ्या लेकीने मोजलेत, तिच्याकडेच राहू दे." कपाटात आहे, पुरचुंडीतच. पणजीसारखाच मीही तो कधी वापरणार नाही आणि टाकणारही नाही.

नांदेडच्या मावशी, तू हे वाचत असशील तर सांग, लहानपणी तुम्ही त्या हिरव्या भुंग्यांना काय म्हणायचात? आईला नाव आठवत नाही आणि त्यावरून ती रोज एकदा तरी चिडते :) आणि बाकीच्यांनीही कळवा. तुमच्या गावी सोनकिड्याला काय म्हणतात? तो अजून दिसतो का? दिसला तर काडेपेटी नेऊ नका, एवढंच.